चूक क्रमांक सात

बाईंनी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आणि जपून ठेवल्या त्या मुलांच्या चुका. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच, ते काय ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. निळ्या पुठ्ठ्याच्या जाड वहीत प्रत्येक चुकीला क्रमांक असे. खाली चुकणाऱ्याचं वय आणि शेवटी 'कशी सुटली' ही ओळ.

निवृत्तीनंतर ही वही रद्दीतच जायची. पण शाळांसाठी गणिताचा फुकट प्रोग्राम लिहिणाऱ्या चार-पाच हौशी मंडळींनी शिक्षकांची मदत मागितली आणि बाईंनी पहिल्याच पत्रात त्यांची खरडपट्टी काढली. "चुकलं की तुमचा प्रोग्राम लाल फुली मारतो. फुली मलाही मारता येते. मूल का चुकलं ते सांगा."

त्या मंडळींपैकी एक जण पोटासाठी विमा कंपनीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी हा उद्योग. त्यानं उत्तर पाठवलं, "बाई, ते आम्हाला येत नाही. तुम्ही शिकवा."

मग काय, सात वर्षं बाईंनी त्याला शिकवलं. भेट कधी झाली नाही. फोटो पाहून त्याचं नाव त्यांनी 'दाढी' ठेवलं. वहीतल्या चुका त्या एकेक करून पाठवत, दाढी त्या प्रोग्राममध्ये बसवी. मूल ज्या तऱ्हेनं चुके, त्या चुकीपुरती समजूत प्रोग्राम घाली, तीही बाईंच्याच आवाजात. खिडकीवर रजई टांगून, धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात भांडी न वाजवण्याची तंबी देऊन त्यांनी तो आवाज भरला होता. आणि गटाचा नियम असा, की बाईंचं 'तपासले' आल्याशिवाय एकही नवी आवृत्ती शाळांत जायची नाही.

चूक क्रमांक सात त्यांची लाडकी. बावन्नातून अडतीस वजा करताना मूल बघतं, दोनातून आठ जात नाहीत. मग सरळ आठातून दोन काढतं आणि सव्वीस लिहून मोकळं होतं. "आळशी नाही हो ते," बाई लिहीत, "त्याला फक्त अडलेलं सांगायची लाज वाटते."

यंदा त्यांचं पत्र आलं : "वजाबाकी बिघडली आहे. ५२ वजा ३८, मी २६ लिहिलं. हा चूक म्हणतो आणि वर मलाच शिकवतो."

दाढी हसला. बाई परीक्षा घेतायत, दुसरं काय! त्यानं उत्तरच दिलं नाही. आठवड्यानं दुसरं पत्र आलं, चांगलंच तापलेलं. पाच उदाहरणं आणि पाचही ठिकाणी चूक क्रमांक सात. ही परीक्षा नव्हती, हे आता दाढीला कळलं.

खरं सांगायला हवं होतं. पण त्याचा हात धजेना. त्यानं बाईंपुरती एक वेगळी प्रत बनवली, वजाबाकीत ते उत्तरही बरोबर मानणारी. एकच तर प्रत, कुणाचं काय बिघडणार? बाईंचं लगेच उत्तर आलं, "तपासले. शाब्बास."

शहाणा एक गोष्ट विसरला. हा प्रोग्राम सगळ्यांचा आहे, मागेल त्याला खुशाल प्रत काढून द्या, हे बाईंना त्यानंच पढवलं होतं. बाईंनी ती प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि आपल्या जुन्या शाळेत नेऊन दिली. महिन्याभरानं तिथल्या मास्तरांचा फोन आला. "अहो, आमची चाळीस मुलं बावन्न वजा अडतीस सव्वीस म्हणतायत आणि तुमचा कॉम्प्युटर टाळ्या वाजवतोय!"

त्याच दिवशी त्यानं शाळेला नीट प्रत पाठवली. बाईंना मात्र पत्रानं कळवणं त्याच्या जिवावर आलं. चार तासांचा प्रवास करून तो त्यांच्या दारात उभा राहिला.

दार बहिणीनं उघडलं आणि दाढीवरून त्याला ओळखलं. "विसरण्याचा आजार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय आम्हाला," ती हळूच म्हणाली. "तिला सांगायची कुणाची छाती होत नाही. तुमचं ऐकेल ती."

"अरे, दाढी! फोटोत जाडा वाटलास," बाई म्हणाल्या. त्याला बसवून आधी खायला घातलं, मग कामाचं विचारलं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. प्रतीचं, शाळेचं, चाळीस मुलांचं.

 बाईंनी नीट प्रत लावायला सांगितली आणि सव्वीस लिहिलं. त्यांचाच सात वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज खोलीत आला : "घाबरू नकोस. दोनातून आठ जातील का? शेजारी जा, एक दशक सुटं करून आण." त्या आवाजाचं बोट धरून बाईंनी तसं केलं. चौदा आले. मग पुढची वजाबाकी, एकाहत्तर वजा सेहेचाळीस, त्यांनी आपली आपण केली आणि पस्तीस लिहिले. "घाबरू नकोस," आवाज पुन्हा म्हणाला.

त्यांनी तो बंद केला.

"चुकलेल्या मुलाला मी कधी बरोबर म्हटलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तू मला म्हटलंस."

दाढीला रडू फुटलं. त्याला वाटलं होतं, आपण त्यांना जपतोय. सात वर्षांत त्यांनी शिकवलेला एकच नियम त्यानं त्यांच्याच बाबतीत मोडला होता.

बाईंनी वही ओढली, सात क्रमांकाचं पान काढलं. आठ, नऊ, आठ, दहा अशा वयांच्या खाली त्यांनी वळणदार अक्षरात आपलं सहासष्ट लिहिलं. मग पेन 'कशी सुटली'पाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"इथं काय लिहू रे?" त्यांनी विचारलं.