दम संपेपर्यंतचा स्वर

लेकीचा अमेरिकेतल्या संगीत कॉलेजचा इंटरव्ह्यू ठरला, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिला प्रवेश मिळावा म्हणून मी सोमवार धरले होते, आणि ती जाऊ नये असंही मनापासून वाटत होतं. देवाने तरी नेमकं काय ऐकायचं?

ती चेलो वाजवते. गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये आधीच पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे व्हायोलिनचं थोराड भावंड. इंटरव्ह्यूत स्वतः रचलेलं काहीतरी वाजवायचं होतं. मी म्हटलं, "भूप घाल. तिकडच्या लोकांना आपले राग आवडतात."

"आई यार, तू कधी भूप गातेस का?" ती म्हणाली. मग जेवताना तिने तिच्या लाडक्या संगीतकाराची गोष्ट सांगितली. युरोपातला माणूस, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला शिकवायला गेलेला. तिथले संगीतकार युरोपचीच नक्कल करत बसलेले. हा पाहुणाच त्यांना म्हणाला, आमच्याकडे काय बघताय, तुमच्या देशातल्या काळ्या लोकांची गाणी ऐका, तुमचं संगीत त्यातून उभं राहील.

"काही लोक जाम भडकले. पण पुढे बऱ्याच जणांनी ऐकलं. मलाही आपल्या घरातलंच हवंय."

"आपल्या घरात कुकरच्या शिट्ट्या आहेत," मी म्हणाले. मला ते लागलं होतं. दिल्लीकडे वाढलेल्या या मुलीचं अर्धं मराठी हिंदीत वाहून गेलं, आणि गाणं म्हणाल तर आमच्याकडे गणपतीपुरतं. मंडळात सगळे मिळून आरत्या म्हणतो. त्यातल्या एका आरतीत एक स्वर दम संपेपर्यंत ताणायचा असतो. भलेभले काका लालबुंद होऊन गळतात. शेवटी दरवर्षी मीच उरते, आणि मला त्याची घमेंड आहे.

इंटरव्ह्यूच्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खोलीत बसली. मी दाराबाहेर, हातात लाटणं. नवरा म्हणाला, "बस की जरा." मी त्याच्यावर खेकसले.

आतून चेलोचा एक स्वर आला. लांबला, आणखी लांबला, आणि मध्येच तुटला. चुकली! पण क्षणभरात तोच स्वर पुन्हा सुरू झाला, जणू थांबलाच नव्हता. मग सगळं शांत.

"तो मध्ये तुटला का?" लॅपटॉपमधल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं.

लेक हसली. आमच्याकडची आरतीची पद्धत सांगून म्हणाली, "ती माझी आई आहे. मध्ये चोरून श्वास घेते आणि पुन्हा स्वर धरते. तिला वाटतं, कुणालाच कळत नाही."

पलीकडच्या बाई खळखळून हसल्या. आता हिला घेणार, हे मला तिथेच कळलं. कार्टीचा राग आला, आणि डोळे भरून आले. मी श्वास रोखून उभी राहिले, आणि या वेळी मध्ये चोरता येईना.