यादीखालच्या दोन ओळी

परळच्या मोरेश्वर चाळीत रघुवीर पेडणेकरला सगळे 'आपला कम्प्युटरवाला' म्हणायचे आणि खोटं कशाला बोलायचं, त्याला ते आवडायचं. लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत त्याची नोकरी. काम काय, तर वेबसाइटची पानं उघडायची, कामाचा मजकूर तेवढा उचलायचा, जाहिराती आणि इकडचा-तिकडचा फापटपसारा गाळायचा आणि उरलेलं सर्चला द्यायचं. लोकांनी शोधलं की नेमकं तेवढंच सापडावं. "तू तांदूळ निवडतेस ना, तसंच," असं त्याने आईला समजावलं होतं. आईला पटलंही होतं.

चाळीचा पुनर्विकास निघाला आणि नव्या घरासाठी पात्र-अपात्र भाडेकरूंच्या कच्च्या याद्या सरकारी ऑफिसच्या वेबसाइटवर लागल्या. साठेक पानं, कुणाचं नाव कुठे, काही पत्ता नाही. रघुवीरने एका रविवारी बसून चाळीसाठी सर्च बनवला. नाव टाकलं की खोलीचा नंबर आणि पुढे 'पात्र' किंवा 'अपात्र'. कमिटीने शाल-नारळ देऊन सत्कार केला. आठवडाभर या गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

आता खरी गोष्ट ऐका. प्रत्येक यादीखाली बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या आणि रघुवीरने त्या पाहिल्या होत्या. त्या घेतल्या की निकाल गिचमिड दिसायचा, म्हणून त्याने तक्ता तेवढा ठेवला आणि खालचं सगळं गाळायचा नियम लिहून टाकला. वाचायचे कष्ट मात्र घेतले नाहीत. घाई होती म्हणावं, तर तीही नव्हती.

कालिंदीकाकी शेजारच्या खोलीतल्या. गिरणीत कामाला असलेला नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण खोली अजून त्याच्याच नावावर. गणपतीआधी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "झिला, माझा काय ता बघ रे. गावाक जावचा आसा." रघुवीरने काकांचं नाव टाकलं. पात्र. "काकी, निर्धास्त जा," तो म्हणाला. काकी देवगडला गेल्या त्या दसऱ्यापर्यंत राहिल्या.

मध्येच अंतिम यादी लागली. काकांचं नाव अपात्रांत. रघुवीरने कच्च्या यादीचं मूळ पान उघडलं आणि त्या दोन ओळी आता कुठे वाचल्या. भाडेकरू हयात नसल्यास वारसाने तीस दिवसांत कागद द्यावेत, अन्यथा पात्रता रद्द. चाळीतल्या बाकीच्या वारसांना कमिटीच्या वकिलाने सांगितलं होतं. काकींना रघुवीरने 'निर्धास्त जा' सांगितलं होतं.

काकी परतल्या त्या त्याच्यासाठी पिशवीभर आमसुलं घेऊन. अपात्र झाल्याचं त्यांना इथे आल्यावर कळलं. त्या खोलीशिवाय त्यांना मुंबईत दुसरा आसरा नव्हता. अपील करू, पण भरवसा नाही, असं वकील म्हणाला. ऑफिसवाल्यांनीच घोळ घातला, असं कमिटीने ठरवून टाकलं आणि काकींनीही तेच धरलं. लाज वाटत होती, तरी चार दिवस रघुवीरने खरं काय ते सांगितलं नाही. आईने आमसुलाचं सार केलं, त्याने वाटी तशीच मागे सारली.

पाचव्या दिवशी सकाळी काकी चांगलं लुगडं नेसून आल्या. "साहेबाक जाब इचारूक जातंय. तू चल. तुका बोलूक येता."

आता कुणा भलत्याच माणसाला शिव्या बसणार होत्या. रघुवीर उंबऱ्यातच थांबला. "काकी, ऑफिसची चूक नाही. कागद द्यायचं खाली लिहिलं होतं. मी ते बघितलं, न वाचताच काढून टाकलं. माझ्यामुळे झालं हे."

काकी तोंडाला येईल ते बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माका वाचूक येणा नाय, म्हणान मी तुका इचारलंय," त्या म्हणाल्या. "तुका तर येता मा रे?"