भट्टी विझल्यावरची सुट्टी

बेकरीत सगळे त्यांना मावशी म्हणत. मालकापासून सायकलवर पाव पोचवणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या मावशी. दिवसभर पावांच्या टेबलापाशी उभं राहायचं, गरम पाव कागदात गुंडाळायचे, जळका निघाला की बाजूला टाकायचा आणि टाकताना नवऱ्याच्या नावाने दोन शब्द पुटपुटायचे, हे त्यांचं काम. नवरा म्हणजे उस्ताद. भट्टी त्यांची. भट्टीत हात घालून ती किती तापली ते सांगणारा माणूस. घरी मात्र चहाचा पेला गरम लागला तरी ओरडायचा.

"मला सवत आहे," मावशी सांगायच्या. "विटांची. आणि मेली चोवीस तास पेटलेली."

यात थट्टा थोडी, रडणं जास्त होतं. विटांची भट्टी विझवता येत नाही. एकदा थंड पडली की पुन्हा तापायला दिवस लागतात आणि घाईने थंड केली तर तडकते. त्यामुळे उस्तादांना रजा नाही. लग्न झालं त्या आठवड्यातही ते भट्टीपाशीच होते. भट्टी विझते ती फक्त आतला घुमट नव्याने बांधायचा असेल तेव्हा, म्हणजे जन्मात दोनदा-तीनदा. बाकी मंडळी दिवाळखोर झाल्यावर घरी बसतात, उस्ताद विटा पडल्यावर.

आणि विटा पडल्या. एका गिऱ्हाइकाच्या पावात विटेचा खडा निघाला, त्याचा दात मोडला, तो मोडका दात हातात घेऊन दुकानात आला. मालकाने कपाळाला हात लावला आणि सांगितलं, आता नवा घुमट. उस्ताद, दोन आठवडे मोकळे तुम्ही. बायकोला घेऊन कुठेतरी जाऊन या. राजधानीत माझ्या भावाची खोली रिकामीच आहे, खुशाल राहा.

संध्याकाळी उस्ताद घरी आले ते निम्मे राजधानीत पोचूनच.

"रुंद रस्ते आहेत म्हणे," ते म्हणाले. "या टोकाला उभं राहिलं तर पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. मोठमोठे पुतळे. प्राण्यांची बाग. आणि खोली फुकटात!"

"मला समुद्र बघायचाय," मावशी म्हणाल्या.

"समुद्र?"

"हो. जन्मात पाहिला नाही."

"समुद्रात काय बघायचं गं? पाणी. नळाला येतं तेच."

"आणि राजधानीत काय? भिंती. भिंती काय इथे कमी आहेत?"

उस्ताद हसले नाहीत. आता इथे तुम्हाला सांगायला हवं, की भांडण समुद्राचं नव्हतं. पुतळ्यांचंही नव्हतं. समुद्राकाठच्या त्या शहरात त्यांचा मुलगा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि त्याचा विषय काढायचा नाही हेही दोघांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी उस्ताद तापाने फणफणले होते, म्हणून भट्टी मुलावर सोपवली. विशीही न गाठलेलं पोरगं. त्याला मित्रांबरोबर सामना बघायला जायचं होतं. त्याने विचार केला, पाणी मारून निखारे दाबू, झडपा उघड्या टाकू, परत आलो की पेटवू, कोणाला कळणार आहे? लाल झालेल्या विटांवर बादलीभर पाणी! कढईत थेंब पडला तर घर दचकतं, इथे बादली. घुमट असा तडकला की आवाज रस्त्यापर्यंत गेला. बेकरी काही दिवस बंद पडली. अख्ख्या गल्लीने उस्तादांना विचारलं, पाव कुठाय? आयुष्यभर कमावलेलं नाव एका बादलीत गेलं. अंगात ताप असताना उस्ताद बेकरीत आले, तडा बघितला आणि सगळ्या कामगारांसमोर मुलाला म्हणाले, "मला मुलगा नाही. होता, तो मेला."

मुलगा मावशींकडे बघत राहिला. मावशी टेबलापाशी कागदाच्या घड्या करत उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मधे पडायची त्यांची छाती झाली नाही, आणि वाटलं, दोन दिवसांनी राग उतरेल, बापलेकच आहेत. पोरगा त्याच दिवशी गेला.

उस्तादांचा राग उतरलाही असेल, शब्द मात्र उतरला नाही. कोणी विचारलंच तर ते म्हणायचे, "मूलबाळ नाही आम्हाला." तडा मातीने लिंपला आणि तशाच भट्टीवर इतकी वर्षं पाव भाजले. आता पडल्या त्या त्याच तड्याच्या विटा.

मग मागच्या वर्षी पीठ मळणारा किनाऱ्याकडे कोणाच्या तरी लग्नाला गेला होता, त्याला मुलगा दिसला. जहाजं दुरुस्त करतात तिथे कामाला आहे. दोरखंडांच्या दुकानावर वरच्या मजल्यावर राहतो. मळणाऱ्याने हे मावशींना पिठाच्या पोत्यांआड सांगितलं, पण बेकरीत काही लपत नाही, उस्तादांच्याही कानावर गेलंच. मावशींनी पत्ता लिहून घेतला नाही. गरजच नव्हती, रोज घोकत होत्या.

तर घरात चार दिवस राजधानी आणि समुद्र यांची जुंपली. उस्ताद एक पुतळा वाढवायचे, मावशी म्हणायच्या, खारा वारा छातीला चांगला. उस्ताद म्हणाले, माझ्या छातीला काय झालंय? मावशी म्हणाल्या, दगड झालाय. जेवताना मावशी सरळ म्हणाल्या, "तुम्ही राजधानीला जा. मी समुद्राला जाते."

त्या घरात असं वाक्य कधी बोललं गेलं नव्हतं. उस्तादांचा घास हातातच राहिला. "एकटी?"

"एकटीच आहे की इतकी वर्षं."

दुसऱ्या दिवशी उस्ताद बसस्टँडवरून आले आणि दोन तिकिटं टेबलावर टाकली. समुद्राची. "तिथे गेल्यावर मला कुठे चल म्हणायचं नाही," एवढंच म्हणाले. मावशींनी मान हलवली. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडल्या. आनंदाचं रडणं ते. तेवढं एक तरी त्यांच्या वाट्याला आलं.

समुद्र दिसला तेव्हा उस्ताद म्हणाले, "एवढाच?" मावशींनी धड बघितलाही नाही. किनाऱ्याच्या भिंतीजवळ एका बाकावर उस्ताद बसले. "माझे पाय दुखतात," ते म्हणाले. "तुला कुठे हिंडायचं असेल तर हिंडून ये." कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. मावशी पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा मागून म्हणाले, "पाव आहे ना पिशवीत? भट्टी विझायच्या आधीचा शेवटचा घाणा. चांगला उतरलाय."

दोरखंडांचं दुकान सापडलं. शेजारून लाकडी जिना. मावशींचे गुडघे कुरकुरत होते आणि काळीज गुडघ्यांच्या पुढे धावत होतं. काय म्हणायचं ते बसमध्ये शंभरदा ठरवलं होतं. आधी एक चापट मारायची. मग जवळ घ्यायचं.

दार एका तरुण मुलीने उघडलं. हातात ओला कपडा, पोट पुढे आलेलं. सातवा असेल, फार तर आठवा. मावशी बघतच राहिल्या. सून! आणि हे पोट!

"कोण हवंय?"

मावशींनी मुलाचं नाव घेतलं. "त्याच्या गावाहून आलेय."

"अगंबाई! यांच्या गावच्या?" पोरगी एकदम फुलली. "या ना, या. ते खाली गेलेत, येतीलच. यांच्याकडचं कोणी कधी येतच नाही हो. लग्नातसुद्धा एक माणूस नव्हतं. तुम्ही यांच्या आईला ओळखत असाल ना? त्या असत्या तर..." तिने कपड्याने खुर्ची पुसली. "दोघंही गेले म्हणाले. कसे, कधी, विचारलं की उठून बाहेर जातात. मी आता विचारत नाही."

मावशी खुर्चीवर बसल्या. मेलेल्या बाईने काय बोलायचं असतं, कोणी शिकवलं होतं त्यांना? मनात आलं, ओरडून सांगावं, अगं मीच ती, हात लावून बघ. पण पोरीचा चेहरा स्वच्छ होता. नवऱ्यावर पुरा विश्वास असलेला. आठव्या महिन्यात तिला सांगायचं, की तुझा नवरा जिवंत आईबापांना मारून तुझ्या मांडवात उभा राहिला?

"ओळखायची," मावशी म्हणाल्या. "चांगलीच."

चहा आला. पोरगी समोर जमिनीवर बसली, कष्टाने, पोट सांभाळत. "कशा होत्या हो?"

"होती आपली साधी. हसायची खूप. नवऱ्याची थट्टा करायची." मावशींना आपला आवाज लांबून ऐकू येत होता. "पोरावर फार जीव. पण जिथे बोलायला हवं होतं तिथे बोलली नाही. भित्री होती."

"आणि गेल्या कशाने?"

"लेक घर सोडून गेला ना, त्यातच गेली," मावशी म्हणाल्या. "लोक म्हणतात पुढेही चालती-फिरती होती. पण गेली ती त्याच दिवशी."

दारात मुलगा उभा होता. कधी आला, कोणाला कळलं नव्हतं. खांदे भरलेले, हाताला काळं तेल, आणि डोळे बापाचे. शेवटची वाक्यं त्याने ऐकली होती. त्याचा रंग उडाला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, मग मावशींकडे. एक शब्द बोलायचा होता त्याने. आई, एवढाच.

"अहो, बघा ना, तुमच्या गावच्या," बायको म्हणाली.

"बसा ना, मावशी," तो म्हणाला.

मावशी उठल्या. चापट नाही, जवळ घेणं नाही. "नको, येते मी. तुमच्या आईची ओळख होती, म्हणून आले होते." पोटच्या पोराला तुम्ही म्हणाल्या. पाव पिशवीतून काढून सुनेच्या हातात दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तो थोडा जास्तच वेळ फिरवला. मुलगा जिन्यापर्यंत आला, कठडा धरून उभा राहिला. मावशी पायऱ्या उतरल्या. हाक येईल म्हणून सावकाश उतरल्या. हाक आली नाही.

उस्ताद बाकावर होते तसेच होते. मावशींना येताना बघून ते उभे राहिले. दुखणाऱ्या पायांचा माणूस, ताडकन उभा राहिला. दाढी करून घेतली होती, तेवढ्यात कुठून तरी न्हावी शोधून. वरच्या खिशातला रुमाल नीट घडी करून ठेवला होता. चल म्हणायची वाट बघत होते बिचारे.

"भेटला?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा. मावशींच्या तोंडाशी आलं, तुम्ही मेलात हो. मीही. तुमच्या शब्दाची परतफेड केलीय त्याने. पण समोरचा माणूस दाढी करून उभा होता.

"खोली बंद होती," मावशी म्हणाल्या. "सोडून गेला म्हणे हे शहर. कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही."

उस्ताद खाली बसले. "बरा असेल ना गं? जिथे असेल तिथे?"

"असेल. न असायला काय झालं?" सून, पोट, ते नवं बाळ, सगळं मावशींच्या जिभेवर आलं. तसंच त्यांनी खाली ढकललं. आता ते कायमचं आतच राहणार होतं.

उस्तादांनी रुमालाने तोंड पुसलं. मग आवाज चढवून, नेहमीसारखे, म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, राजधानीला जाऊ."

"हो," मावशी म्हणाल्या. "तुमचंच ऐकायला हवं होतं."