शुगरवाल्याला साखर मिळणार नाही

“अरे ओ अंकल! ग्लास नीचे रखो! आपको शुगर है!”

पिवळ्या टोपीतला माणूस एवढ्यानं ओरडला की नवा रायपुरातली पाखरं उडाली ती थेट भिलाईत जाऊन बसली असतील. माझ्या हातातलं संत्र्याचं सरबत त्यानं हिसकावूनच घेतलं. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीतला हा सोळावा किलोमीटर. वय सहासष्ट, घाम गार पडलेला, हात लटलटणारे, आणि एकाच टोपीवाल्याच्या मला तीन टोप्या दिसत होत्या. रक्तातली साखर तळाला गेली होती. ती वर आणायला घोटभर गोड हवं होतं, तेही आत्ता. आणि माझ्याच छातीवर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘शुगर पेशंट’.

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगतो. राग अजून उतरलेला नाही, आवाज चढला तर वाचताना कान झाका.

नाशिकहून निघालो तेव्हा सामानात बूट, औषधं, साखर तपासायचं यंत्र आणि कमरेच्या पट्ट्याच्या कप्प्यात बारा लिमलेट होत्या. या लिमलेट म्हणजे माझी विमा पॉलिसी. मधुमेही माणूस लांब धावला की साखर दगडासारखी खाली येते. अशा वेळी दोन लिमलेट चावायच्या, थांबायचं, की जीव परत जागेवर. गेली अकरा वर्षं मी असाच धावतोय. गाडीत बोटाला सुई टोचली तर समोरची चार माणसं आपापली बोटं पुढे करून बसली. अर्ध्या डब्याची साखर तपासून मी दुर्गपर्यंत पोचलो. बाहेर कापणी झालेली भातखाचरं संपता संपत नव्हती. रायपूर आलं.

उतरलो शंकर नगरात, प्रभाकरदादाच्या घरी. दादा माझा मावसभाऊ, रेल्वेतला. दोन वर्षांपूर्वी गेला. शुगरच. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग दादा. भिंतीवरच्या फोटोतही त्याचा खिसा लिमलेटनी फुगलेला दिसतो. लिमलेट खाण्याची सवय मला त्यानंच लावली. आता घरात वहिनी एकट्या.

“भाऊजी, या वयात काहून पळून राहिले तुम्ही?” हे स्वागत.

“शुगर आटोक्यात राहते, वहिनी.”

“मंग आटोक्यातच राहू द्या.” असं म्हणून त्यांनी कारल्याचा रस पुढे केला. तो इतका कडू होता की मला माझं लहानपण कडू आठवायला लागलं.

साऱ्या देशाला भात पुरवणाऱ्या मुलखात मला भाताचं एक शीत मिळालं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोटात भात हवा, असं मी ओरडून सांगितलं. फरा (तांदळाच्या पिठाची उकडलेली मुटकी) मागितला. गोल बाजारात खुरमी (गूळ घालून तळलेली गव्हाच्या पिठाची वडी) दिसली, मी हात पुढे केला, तर वहिनींनी दुकानदारालाच दम भरला. “इनको मत देना भैया, इनको है!” दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं जणू मला उद्याच पोचवायचं आहे.

छातीवर लावायचा क्रमांक घ्यायला गेलो, तर तिथल्या बाईंनी लाल स्केचपेन उघडलं. “साठ के ऊपर वाले अपनी बीमारी सामने लिखेंगे।”

“दीदी, मागे लिहितात. पीछे.”

“पीछे कौन पढ़ता है?”

आणि क्रमांकावर समोरच लाल अक्षरं उमटली.

शर्यतीच्या सकाळी वहिनी औषधाची गोळी आणि पाणी घेऊन समोर. धावायच्या दिवशी अर्धीच घ्यायची, असं माझ्या डॉक्टरांनी बजावलेलं. “पुरी घ्या,” वहिनी म्हणाल्या आणि गिळेपर्यंत हलल्या नाहीत. वाद घालायला वेळ नव्हता. घेतली. हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

नवा रायपुरातले रस्ते एवढे रुंद की डावीकडचा धावणारा उजवीकडच्याला पत्रानं भेटतो. पंधरापर्यंत मी तरुणांना मागे टाकत होतो (दोघांना तरी). मग पाय कापसाचे झाले. कमरेचा कप्पा उघडला. आत फुटाणे! सोललेले, खमंग, मूठभर फुटाणे! लिमलेट एकही नाही. आदल्या दिवशी वहिनींनी पट्टा धुऊन वाळत घातला होता, तो का, ते तेव्हा कळलं. कोरड्या तोंडात फुटाणे कोंबले, गिळवेनात. कसाबसा सरबताच्या टेबलापर्यंत गेलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“गिर रहा हूँ! मीठा दो!” मी ओरडलो.

“मरवाओगे क्या हमको?” टोपीवाला ओरडला. “सादा पानी पियो!”

मी त्याला नाशिकच्या सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. शेवटची अर्धी राहिली, कारण मी रस्त्याच्या कडेला बसलोच.

तिथे झाडणारी एक बाई होती. तिनं झाडू टाकला, मला पाहिलं, छातीवरचं काही वाचलं नाही. पिशवीतून बाटली काढली. लाल चाय (बिनदुधाचा चहा), आणि साखर एवढी की चमचा उभा राहावा.

“पी ले बबा. मोर सास घलो अइसने कांपथे.” (माझी सासूही अशीच कापते.)

घोट घोट करत मी बाटली संपवली. मग तिनं डबा उघडला. खुरमी!

“अऊ खाबे?” (आणखी खाशील?)

“हव,” मी म्हणालो. पाव तासानं तीन टोप्यांची एक टोपी झाली. त्यानंतर धावणं म्हणजे मूर्खपणा, तेवढी अक्कल शिल्लक होती. मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीतून परतलो. पदक नाही. पाच महिन्यांची तयारी, पहाटेचा गारठा, सगळं मूठभर फुटाण्यांत गेलं.

दोन दिवस मी वहिनींकडे पाठ करून बसलो. त्या कारलं वाढत राहिल्या, मी खात राहिलो. परतीच्या दिवशी नको म्हणत असताना त्या स्टेशनवर आल्या. गाडी लागली. पिशवीत डबा ठेवताना वर एक पुडी ठेवली. माझ्या लिमलेट. बाराच्या बारा. ते पाहून माझा जो भडका उडाला, त्यात अख्खा फलाट भाजून निघाला.

“वहिनी, मी मेलो असतो! आजारानं नाही, तुमच्या काळजीनं! ज्यानं जीव वाचतो तेच काढून घेतलंत! कोणी सांगितलं होतं माझ्या खिशात हात घालायला?”

हमाल थांबले. वहिनींनी डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

“तुमच्या दादाच्या खिशात नव्हता घातला,” त्या म्हणाल्या.