नऊ दात, नऊ गाणी

माझ्या थोरल्या जावेएवढी हट्टी बाई घोटीपासून नाशकापर्यंत झाली नाय आन् होणार बी नाय. यष्टी थांबत नाय म्हणून भर रस्त्यात भाताचं पोतं टाकून त्यावर बसणारी बाई ती, तिला कोण काय सांगणार? आमचं गाव धरणात गेलं, तवा आम्ही दोघी जावा सातपूरला एका खोलीत आलो. मधी लुगड्याचा पडदा, अलीकडं माझा संसार, पलीकडं तिचा. मी दोन दिवस रडले आन् कामाला लागले. ती रडली नाय. तिनं गाणं केलं.

‘धरणाच्या पाण्याखाली माझा चुल्हा बुडाला,
वरून चालते नाव, इंगळ नाय इझला.’

तिला कशाचंबी गाणं व्हायचं. तांदूळ निवडताना खडा सापडला, खड्याचं. यष्टीचं. सासूच्या नाकाचं तर सासूपुढंच म्हणायची. म्हातारी ऐकून घ्यायची न् म्हणायची, “चाल बरी हाय, पण नाक एवढं मोठं नाय माझं.” तिला लिहिता येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण माझी एक ओळ व्हायच्या आत ती कडवं संपवायची. म्हणून सगळी गाणी तिच्या डोक्यातच.

दात मात्र मिश्रीनं खाल्ले. डॉक्टर म्हणाला, हिरड्यांत पू झालाय, नऊच दात राहिलेत, तेबी हलतात, सगळे काढू, लगेच या, नायतर हे अंगात भिनंल. हिनं त्यालाच तारीख दिली. “पोळ्याच्या आदल्या दिवशी येते.” दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, म्हणजे चावायचं काम नाय, असा तिचा विचार. मला म्हणाली, “धाकटे, दात गेले की शब्दाला धार नाय राहत. नऊ दात, नऊ गाणी. दात जायच्या आत कॅसेटमधी भरायची.” पोळ्याला अकरा दिवस होते.

टेपरेकॉर्डर आमच्या मालकांचा. दुपारी नळ जायचा, तिथनं कंपनीचा भोंगा होईपर्यंत जरा शांत असायचं. तेवढ्यात ती तांदळाची रिकामी कोठी आडवी करायची न् तिच्यात डोकं घालायची. “इथं आवाज गोल येतो,” म्हणायची. बाहेर दिसायचे नुसते पाय. मी टेप कोठीच्या तोंडाशी धरून बसायची. शेजारीण एकदा पीठ मागायला आली न् बोंबलली, “अगं बया, ही आत कशी गेली?” ते सगळं तिसऱ्या गाण्यात हाय.

पाचव्या गाण्यापासून गाल सुजला. अंग तव्यासारखं तापायचं. लवंग दाढंत धरायची न् गायची. ती गाणी मोजायची, मी ताप. म्हटलं, “बाई, मरशील गं! आजच जाऊ चल.”

“मरीन, पण शेवटचं कडवं झाल्यावर. दाब लाल बटण.”

सहाव्या गाण्यात एक दात आपोआप कोठीत पडला, टण्‌कन. कोठीतनंच ओरडली, “दात गेला, गाणं नाय गेलं! चालू राहू दे!”

सगळ्यांची गाणी झाली. सासूचं, धरणाचं, यष्टीचं, पार आमच्या बांड्या गाईचं झालं. मी कधी काय मागितलं नाय कुणाला. पण आठव्याच्या आधी तोंडातनं निघून गेलं, “बाई, माझं गं?”

“तुझं शेवटी. तू कुठं पळून चाललीस?”

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच आठवं भरलं. नवव्याला तिनं कोठीत डोकं घातलं, मी बटण दाबलं, आन् आतनं आवाजच येईना. हाक मारली. पाय हलवले. मग काखेत धरून बाहेर ओढली. डोळे फिरलेले. रिक्षात घालून नेली. डॉक्टर मलाच रागावला, “एवढे दिवस काय करत होतात?” गाणी म्हणत होतो, हे कसं सांगू त्याला?

सुई दिली, बाटली लावली, ताप उतरला तवा दात काढले. दिवस मावळायला घरी आलो. तोंडात कापसाचे बोळे. हिनं कोठीकडं बोट केलं. मी म्हटलं, “बास आता. झोप.” तर स्वतःच बटण दाबून कोठीत शिरली न् बंद तोंडानं सगळं गाणं घुमवलं. नुसतं हूं हूं. चार कडवी. संपल्यावर बाहेर आली, माझ्या छातीवर बोट ठेवलं, आन् हातानं सांगितलं, शब्द मागनं.

कवळी आली की शब्द भरते, म्हणायची. कवळी आली, ती डब्यात ठेवली. मग दिवाळीच्या आत. मग संक्रांतीच्या आत. दर सणाला नवी तारीख. अशी सात-आठ वर्षं गेली, आन् एका भादव्यात तीच गेली. शब्द काय होते, ते मी विचारायची राहिले.

कोठीत आता माझे तांदूळ असतात. कॅसेट अजून वाजते. आठ गाणी नातवंडं हसत ऐकतात न् उठून जातात, पुढं नुसतं हूं हूं हाय म्हणून. मी बसते. सून एकदा म्हणाली, “आत्याबाई, चाल येते ना तुम्हाला, मग तुम्हीच घाला की शब्द.”

मी नाय घातले. तिची जागा हाय ती.