डाव्या पायाचं काम

बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून मी गाडी काढतो. मलकापूरहून हायवेनं नांदुऱ्यापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परत यायचं. बाजूची सीट तिनं पुढं ओढून ठेवली होती तशीच आहे. तिथं मी कोणाला बसू देत नाही.

आणि ही गाडीच बिघडली! ऑटोमॅटिक आहे, गिअर आपले आपण बदलते. ऐंशीवर सरळ चाललेली असताना इंजिन एकदम गुरगुरायचं, फेरे दाखवणारी सुई वर उडायची, पुन्हा खाली. वेग मात्र तोच. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी विकावी लागणार, म्हणजे ती सीटही जाणार. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू!

मेकॅनिकनं ऑइल पाहिलं, मशीन लावून पाहिलं. काही सापडेना. "काकाजी, चालत्या गाडीत बसून पाहा लागते," म्हणत तो सरळ तिच्या सीटवर बसला.

"सीट मागं सरकवू नको बे!" मी खेकसलो. बिचारा गुडघे पोटाशी घेऊन बसला.

हायवेला सुई उडाली. त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं.

"डावा पाय ब्रेकवर काऊन ठेवता?"

"छ्या! मी कुठं ठेवतो?" पाहिलं तर खरंच होता. चाळीस वर्षं क्लच दाबलेला पाय तो, रिकामा राहीना.

"ब्रेक जरासा दबला तरी गिअरबॉक्स पकड सोडते, इंजिन मोकळं पळते. खाली घ्या तो पाय."

घेतला. सुई जागच्या जागी राहिली.

गाडी धडधाकट होती. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्यानं बजावलं होतं, डाव्या पायाला आता काम नाही. मी ऐकलं नव्हतं, तिनं ऐकलं होतं. दर थोड्या वेळानं ती माझ्या गुडघ्यावर चापट मारायची, "पाय खाली घ्या न जी!" मी वैतागायचो, "गाडी मी चालवतो का तू?" एकदा तर रस्ताभर तिच्याशी बोललो नाही.

मेकॅनिकला उतरवून एकटाच नांदुऱ्याकडं निघालो. थोड्या वेळानं सुई उडाली. पाय गेलाच होता ब्रेकवर. मी तो लगेच काढला नाही. चापट बसायची वाट पाहिली. दोन गावं मागं गेली. मग माझ्याच हातानं गुडघ्यावर एक मारून घेतली.