शेवटचा पॅरा

सकाळी रंगाऱ्याने रॉकेलने हात पुसले आणि त्या वासाने मला पन्नासेक वर्षांपूर्वीच्या सोलापुरातल्या छापखान्यात नेलं. शेजारी मागांचा खडखडाट चालू होता. माझ्या पहिल्या कथासंग्रहासाठी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणारे मल्लय्या शाईने काळी झालेली बोटं रॉकेलने पुसत म्हणाले, “मास्तर, शेवटचा पॅरा काढा की. गोष्ट त्याच्या आधीच संपली हाय.”

“तुम्ही फक्त जुळवा,” मी तुटकपणे म्हणालो. त्यांनी तो जुळवला.

पुस्तक फारसं कुणी वाचलं नाही. आज ते काढून तो पॅरा पेन्सिलने खोडला. दाखवायला कुणी नाही. मल्लय्या कधीच गेले. एकेक अक्षर हातात घेऊन माझी गोष्ट वाचणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला मी वाचक मानलंच नव्हतं.